एक चूल, दोन सुना आणि गळ्यातली पाटी

मी लेखिका नाही. हे लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. शिक्षण रीतसर झाले आहे, एम.ए., बी.एड. आहे, परंतु चारचौघांत बोलायचे म्हटले की आजही मी मागच्या रांगेत जाऊन बसते. मुले मोठी झाल्यावर, चाळिशी उलटताना मी नोकरीला लागले. आपले कुठे चुकते आहे का, हे बघत वावरण्याची सवय तेव्हापासूनची. अशा बाईने लिहू नये. पण गप्प राहिले तर मीही त्या पाटीचेच काम करते, असे वाटू लागले आहे.

माझ्या गळ्यात पाटी घालण्यात आली, तेव्हा मला मान वाकवावी लागली. घालणारी मुलगी पाचवीतली होती. तिचा हात पोचत नव्हता.

शाळा सांगलीच्या बाहेर, मिरज रस्त्यावर. इंग्रजी माध्यमाची. तिथे एक लाकडी पाटी आहे. निळा रंग, पांढरी अक्षरे: 'आय स्पोक मराठी'. वर दोन भोके पाडून बुटाची नाडी ओवलेली. जो विद्यार्थी मराठी बोलेल, त्याच्या गळ्यात ती जाते. ती उतरवण्याचा मार्ग एकच. दुसऱ्या कुणाला मराठी बोलताना पकडायचे आणि त्याच्या गळ्यात घालायची. शेवटच्या घंटेला जिच्या किंवा ज्याच्या गळ्यात राहील, ते मूल दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्या शाळेकडे तोंड करून उभे राहते.

आमच्या कडेगावकडे ओढाळ गाईच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात. पळू लागली की तो गुडघ्यांवर आपटतो. त्याला लोढणे म्हणतात. पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तोच शब्द आठवला. मी तो कुणाला सांगितला नाही.

त्या दिवशी मी पाचवीला इंग्रजी स्पेलिंग शिकवत होते. 'नेसेसरी' हा शब्द अर्ध्या वर्गाचा चुकला होता. सी किती, एस किती, कुणाच्या ध्यानात राहीना. नियम इंग्रजीतून सांगून झाला. पुन्हा सांगून झाला. चेहरे कोरेच. मग माझ्या तोंडून आपोआप गेले, "एक चूल, दोन सुना. चुलीचा सी एक, सुनांचे एस दोन. चूल आणि सुना दोन्ही घराला लागतातच की नाही?"

वर्ग खदखदून हसला. आणि सगळ्यांनी शब्द बरोबर लिहिला.

ही युक्ती माझ्या आक्काची. माझी थोरली बहीण. सातवीनंतर तिची शाळा सुटली. मी अभ्यासाला बसले की ती शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची आणि माझ्या चुकणाऱ्या शब्दांना घरातली माणसे चिकटवायची. 'सेपरेट'मध्ये मी नेहमी ए ऐवजी ई लिहायचे. ती म्हणाली, "येगळं निघालं तरी मधी आजी आन् आत्या ऱ्हातीच. दोन ए. ई कुटनं आली गं मधीच?" तो शब्द मी पुन्हा कधी चुकले नाही. मी एम.ए. झाले ते त्या शेंगांच्या टरफलांजवळ बसून.

दारात प्रिन्सिपल मॅडम उभ्या होत्या. पुण्यात कॉन्व्हेंटला शिकलेल्या, संस्थाचालकांच्या सूनबाई. वयाने माझ्याहून लहान.

"व्हॉट इज धिस चूल, मॅडम?"

मी खडू खाली ठेवला.

पाटी त्या वेळी श्रेयाच्या गळ्यात होती. दुसऱ्या बाकावरची मुलगी. घरी सगळे आमच्या कडेगावकडचीच बोली बोलतात, त्यामुळे पाटी बहुधा तिच्याकडेच असते. प्रिन्सिपल मॅडम तिला हसत म्हणाल्या, "श्रेया, यू कॉट अ टीचर! गो. रूल इज रूल."

श्रेया जागची हलेना. "गो," मॅडम पुन्हा म्हणाल्या. तशी ती आली. गळ्यातली नाडी काढली. मी वाकले. माझ्या कानाशी ती पुटपुटली, "टीचर, म्या न्हाई सांगितलं त्यास्नी."

पोरे हसली. त्यांना दोष देत नाही. हसू नका, असे कुणी शिकवलेच नव्हते.

मी पाटी काढू शकले असते. हात होते मला. पण माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. मार्चअखेर ठरणार, आणि ठरवणार त्याच. मी पाटी घालून पुढचा तास घेतला. मधल्या सुट्टीत पाटी घालूनच डबा खाल्ला. पोळीचा तुकडा उचलताना नाडीचे टोक भाजीत पडत होते.

गणिताचे सर म्हणाले, "आवं मॅडम, कशाला वाहताय? शिपाईमामा सकाळधरनं मराठीतच वरडतोय. घाला त्याच्या गळ्यात, सुटा!" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची आजही किळस येते.

दुपारनंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझे कान बदलले होते. व्हरांड्यातून चालताना मी मुलांचे बोलणे ऐकत नव्हते, टिपत होते. कुणाचा शब्द निसटतो, कुठून 'व्हय' येते, कुठून 'न्हाई'. त्या पोरांना आपण काय बनवतो आहोत, हे मला तेव्हा कळले. पाटी लाज देते, एवढेच मला वाटायचे. ती कान नासवते.

शेवटची घंटा जवळ आली. पाण्याच्या टाकीमागे दोन मुली बसल्या होत्या. श्रेया आणि तिची मैत्रीण. उद्याच्या चाचणीची तयारी चालली होती.

"अगं पण 'अकोमोडेशन'मध्ये सी एक का दोन?"

"मुक्कामाला आल्यावर एक चादर पुरती व्हय? दोन चादरी, दोन मानसं. दोन सी, दोन एम. टीचरनी सांगितलंय," श्रेया म्हणाली.

मी दोन पावलांवर होते. नुसते पुढे व्हायचे. उद्या सगळ्या शाळेसमोर उभे राहायचे टळणार होते. खरे सांगते, माझा हात नाडीकडे गेला.

श्रेयाने वर पाहिले. माझा हात पाहिला. ती रडली नाही, 'सॉरी टीचर' म्हणाली नाही. तिने मुकाट्याने मान पुढे केली. सवयीने. जू दिसताच बैल करतो तशी.

"घाला टीचर," ती म्हणाली. "मला काय न्हाई वाटत."

मला काय न्हाई वाटत. दहा-अकरा वर्षांची पोर.

मी हात खाली घेतला. "नाही," मी म्हणाले. त्या शाळेत मी ठरवून, मोठ्या आवाजात उच्चारलेला तो पहिला मराठी शब्द असावा.

घंटा झाली. ऑफिसबाहेर प्रिन्सिपल मॅडमनी पाटीसाठी हात पुढे केला. "कीप इट हिअर, मॅडम. इट वॉज ओन्ली फन."

मी मराठीत म्हणाले, "ही मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही. उद्या प्रार्थनेला मीच उभी राहीन."

उभी राहिले. सगळ्या शाळेकडे तोंड करून. त्यानंतर मॅडमनी पाटी माझ्याकडून काढवून घेतली आणि पुन्हा मुलांत सोडली. पाटी बंद झाली नाही. मी ती बंद करू शकत नाही, तेवढी माझी ताकद नाही.

पण नियम सगळ्यांना सारखा, हे त्यांनीच वर्गासमोर दाखवले आहे. म्हणून मी रोज सकाळी फाटकाशी थांबते. पाटी ज्याच्या गळ्यात असेल, त्या मुलाजवळ जाऊन मराठीत विचारते, "जेवलास का रे?" ते मूल हसते, नाडी काढते. मी वाकते. पाटी माझ्याकडे येते आणि तिथेच थांबते. दिवसभर ती पुढे जात नाही. शेवटच्या घंटेला मॅडम ती काढून घेतात आणि सकाळी पुन्हा एखाद्या मुलाच्या गळ्यात घालतात. स्पेलिंगचा तास मी दार उघडे ठेवून घेते. चूल, सुना, चादरी, सगळे मोठ्याने.

मला दोनदा ऑफिसात बोलावले गेले. नवरा म्हणतो, "मार्चपातूर गप बस की. मग काय ते कर." त्याचे चूक नाही. घर त्यालाही चालवायचे आहे. मार्चनंतर मी या शाळेत नसेन, हे दोघांनाही ठाऊक आहे. दुसरी शाळा शोधली, तरी तिथे पाटी नसेल असे नाही.

तोवर फाटकाशी मी थांबणार. ज्या दिवशी मी नसेन, त्या दिवशी पाटी पुन्हा कुणाच्या तरी मुलाच्या गळ्यात जाईल.

तुमचे मूल ज्या शाळेत जाते, तिथे अशी पाटी आहे का?