डाव्या पायाची साक्ष

माझ्या पायांची आग प्रभूने थांबवली, अशी साक्ष मी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका प्रार्थनासभेत उभा राहून दिली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या डाव्या तळव्याला जखम झाली. जखम दुखत नव्हती, म्हणून तिची मला फारशी फिकीर वाटली नाही. पण चारचौघांत दिलेली साक्ष आता परत कशी घ्यायची, या विचाराने मात्र जीव नकोसा झाला.

आम्ही मूळचे नगरकडचे. म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या एका कारखान्यात मला माल तपासण्याची नोकरी लागली, इकडे आलो आणि इथलेच झालो. निवृत्तीनंतर सरस्वतीपुरममध्ये लहानसं घर आहे. घरात मराठी, चर्चमध्ये कन्नड आणि भांडण निघालं की दोन्ही. जन्मभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढून पगार घेतला, त्यामुळे माझी नजर बाहेर फार तीक्ष्ण आणि घरात आंधळी. मधुमेह जुना आहे. त्यात पायांची इतकी आग होई की चादरीचा स्पर्शही नकोसा वाटे. मी अगदी कळवळून प्रार्थना करत असे. मग आग हळूहळू कमी झाली आणि शेवटी थांबलीच. मला खरोखर आनंद झाला होता, खोटं काही नव्हतं त्यात. साक्ष ऐकून लोक ‘स्तोत्र, स्तोत्र’, म्हणजे देवाची स्तुती असो, म्हणाले. एका म्हाताऱ्या बाईंनी माझे हात धरून डोळे पुसले. मलाही ते आवडलं, हे सांगायला हवं.

जखम कशी झाली तेही सांगतो. बाजारातून आलो, बूट काढला, तर आतून एक खडा पडला आणि मोजा रक्ताने भिजलेला. सकाळभर मी त्या खड्यावर चाललो होतो आणि मला पत्ता नव्हता. न्हाणीघरात कडी लावून हळद भरली, पट्टी बांधली. पत्नीला सांगितलं, टाच फुटलीय. ती म्हणाली, “मग डॉक्टरांना दाखवायला एनु कष्ट?” एनु म्हणजे काय; इतकी वर्षं म्हैसुरात काढल्यावर तिच्या मराठीत कन्नड असं मधेमधे डोकावतं. मी म्हटलं, उगाच कशाला. दवाखान्यात गेलो की चर्चमध्ये कळणार, आणि कळलं की देवाचं नाव खाली जाणार, असा माझा हिशेब. खरं तर खाली जाणार होतं माझं नाक. तेव्हा कोणाला कळायच्या आत जखम भरू दे, अशी मी रोज प्रार्थना करू लागलो. जखम मात्र भरेना. पट्टीला वास येऊ लागला, तसा मी घरातही मोजे घालून वावरू लागलो.

अशात ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार आला. त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाळक, म्हणजे धर्मगुरू, बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने आपल्या शिष्यांचे धुतले होते, त्याची ती आठवण. चर्चच्या कारभारी वडीलधाऱ्यांनी मला बारांत धरलं. नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं. मी विचार केला, आधीचे पाळक फक्त उजव्या पायावर तांब्याभर पाणी घालून पुसत असत. माझा उजवा पाय ठणठणीत. म्हटलं, निभावून जाईल.

पण पाळक नवे होते. इथले लोक पाळकांना अय्यनवरु म्हणतात. आमचे अय्यनवरु माझ्या मुलाच्या वयाचे, पिरियापट्टणकडचे, तंबाखू पिकवणाऱ्या घरातले. त्यांनी पहिल्याच माणसाचे दोन्ही पाय परातीत घेतले. ते पाहून मी डावा पाय मागे ओढला. माझी पाळी येईपर्यंत मी उजवा बूट तेवढा काढून बसलो होतो. ते गुडघ्यांवर बसले, उजवा पाय धुतला, पुसला आणि डाव्या बुटाकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, “अदू तेगीरी, अंकल.” तोही काढा.

“बेडा, अय्यनवरे,” मी म्हणालो. नको.

बोलल्यावर माझ्याच लक्षात आलं की आत्ताच वाचलेल्या बायबलच्या उताऱ्यात एक शिष्यही असाच नको म्हणाला होता. अय्यनवरुंनी आग्रह केला नाही, की पुढच्या माणसाकडे सरकलेही नाहीत. हात परातीच्या काठावर ठेवून बसून राहिले. गाणं चालू होतं, ते संपत आलं. सगळं चर्च बघत होतं. मला तेव्हा कोणताही आवाज ऐकू आला नाही, प्रकाश दिसला नाही. फक्त एवढंच वाटलं की हा माणूस उठणार नाही आणि आता माझ्याच्याने लपवणं होणार नाही. मी बूट काढला, मोजा काढला. पट्टी मोज्याला चिकटून निघाली.

त्यांनी नाक मुरडलं नाही. जखमेला धक्का न लावता टाचेवर पाणी घातलं, माझा पाय आपल्या झग्यावर घेतला आणि खिशातला स्वतःचा धुतलेला रुमाल त्याच्याभोवती गुंडाळला. परातीतलं पाणी बदलायला सांगितलं, हात साबणाने धुऊन आले आणि उरलेल्यांचे पाय धुऊन उपासना पुरी केली. आशीर्वाद होताच थेट माझ्यापाशी आले. “एळी, होगोणा.” उठा, जाऊ या.

मी म्हटलं, उद्या उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे, तुमची कामं पडलीत, आणि मीही ईस्टर झाला की जाईन. त्यावर ते म्हणाले, “आमचे अप्पाही म्हणाले होते, तंबाखू भट्टीत वाळवून होऊ दे, मग जाईन. हाच वास होता, अंकल. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला.” मी डावा बूट हातात घेतला. त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. पत्नी रिक्षाने मागून आली.

डॉक्टरांनी तळव्याला काहीतरी लावून विचारलं, “दुखतंय?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “सुई टोचतोय मी.” मग त्यांनी समजावलं की आग थांबली ती पाय बरे झाले म्हणून नव्हे, नसा मेल्या होत्या. ते ऐकून मला हुंदका आवरेना. ज्यासाठी मी उभा राहून आभार मानले, ते माझ्या पायाचं मरण होतं. पत्नीने पाठीवर हात ठेवला आणि घरी गेल्यावर बोलेन म्हणाली. पुढे बोललीही, भरपूर.

दोन बोटं गेली, पाय वाचला. ईस्टर मी इस्पितळात काढला. सकाळची उपासना आटोपून अय्यनवरु प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन खाटेपाशी आले, तेव्हा मी त्यांना साक्षीची सगळी हकीकत सांगितली. देवाचं नाव खाली गेलं का, असंही विचारलं. ते म्हणाले, “अंकल, त्याचं नाव सांभाळायचं काम तुम्हाला कोणी दिलं?”

चालू लागल्यावर मी प्रार्थनासभेत पुन्हा उभा राहिलो आणि जसं घडलं तसं सांगितलं. या वेळी ‘स्तोत्र’ कोणी म्हणालं नाही. पण नंतर चहा घेताना त्याच म्हाताऱ्या बाई जवळ आल्या. आपल्याही पायांना अलीकडे काही कळत नाही, म्हणाल्या, आणि चप्पल काढू लागल्या.

मी आज्ञापालन म्हणजे काहीतरी करून दाखवणं समजत होतो. प्रभूने माझ्याकडून मागितलं ते एवढंच, की पाय पुढे कर. तेवढंच मला जड गेलं. ज्याने मला गुडघ्यांवर बसून वाट पाहणारा माणूस दिला, त्याचे आभार मी आता रोज मानतो, आणि त्यासाठी उभं राहावं लागत नाही. डॉक्टरांनी बजावलंय की माझे तळवे दुसऱ्या कोणीतरी रोज बघायला हवेत, कारण मला स्वतःला तिथलं काही कळणार नाही. म्हणून घरची संध्याकाळची प्रार्थना झाली की पत्नी चष्मा लावते, टॉर्च घेते आणि माझ्या खुर्चीसमोर खाली बसते.

“दाखवा, नोडोणा,” ती म्हणते. बघू या.

मी दोन्ही मोजे काढतो.