लेझी म्हणजे हुशार

सरांनी माझ्या फ्रॉकला पुठ्ठा लावला. पिन आरपार गेली, थोडी कातडीलाही लागली. मी हलले नाही. पुठ्ठ्यावर लाल शाईनं इंग्रजीत लिहिलं होतं, लेझी.

“लेझी म्हणजे आळशी,” सर म्हणाले. “हिच्याकडं बघा, शब्द आपोआप पाठ होईल.”

वर्ग हसला. मला काही वाटलं नाही. खरंच नाही. वाटायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

पाचवीचा वर्ग. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. कुंडलच्या बाजूचं गाव. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू व्हायचं, आणि सरांना शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासमोर काहीतरी नवं करून दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी दोन रांगा केल्या. चांगल्या गुणांची हिरवी, वाईट गुणांची लाल. प्रत्येक पोराला एक शब्द. तो छातीवर लावून साहेबासमोर एक वाक्य म्हणायचं. हिरव्या रांगेत सुभेदारांचा नातू होता. तो ब्रेव्ह, म्हणजे शूर. पाल दिसली की बाकावर चढायचा, तरी शूर. सरांची पुतणी हॅपी. लाल रांगेत आम्ही चौघं, चौघंही बौद्धवस्तीतले. माझा चुलतभाऊ अँग्री, म्हणजे रागीट. त्यानं तोवर कुणाशी वर मान करून बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

मी वर्गात डुलक्या घ्यायची हे खरं. खोटं कशाला बोलू? पण का घ्यायची ते सरांनाही ठाऊक होतं. त्यांच्या घरची द्राक्षबाग होती. घड फुगावेत म्हणून ते औषधात बुडवायचे दिवस होते. हे काम ऊन तापायच्या आत उरकावं लागतं. पहाटे आई मला उठवायची. डब्यात औषधाचं पाणी घ्यायचं, तो हात वर करून घडाखाली धरायचा, घड बुडवायचा, हलवायचा, पुढचा घड. दोन-तीन तास हात वरच. दहा वर्षांची पोर मी. दंड असे बधिर व्हायचे की शाळेत पेन्सिल धरली तरी ती हातात आहे का ते बघावं लागायचं. आणि बागेत बांधावर उभं राहून “हात चालवा गं” म्हणणारे सरच.

त्या दिवशी पुठ्ठा लावूनच मी घरी आले. सरांनी सांगितलं होतं, तपासणीपर्यंत रोज लावायचा. आईनं तो बघितला. तिला अक्षरओळख नाही, पण लाल शाई, सुरेख अक्षर, वर पिन. तिला बक्षीस वाटलं.

“काय लिवलंय गं?”

“लेझी.”

“म्हंजी?”

“हुशार,” मी म्हणाले.

का म्हणाले? तिचा चेहरा बघून म्हणाले. ती नुकतीच भांगलणीवरून, दिवसभर तण काढून आली होती, आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी बागेत तिनं आठ-दहा बायांना ऐकवलं. “माजी लेक शाळंत लेझी हाय. सरांनीच लिवून दिलंय.” बाया म्हणाल्या, “ब्येस झालं बाई.” सर बांधावर होते. ऐकलं त्यांनी. मोठ्यानं हसले.

“व्हय गं,” ते आईला म्हणाले, “लय लेझी हाय तुजी लेक. गावात तिच्यासारखी दुसरी न्हाई.”

आईनं हात जोडले. औषधानं चिकट झालेले हात. “तुमचीच किरपा, सर.”

मी दोन पावलांवर डबा धरून उभी होते. आई आनंदली होती. सर हसत होते. बायाही हसत होत्या, त्यांना वाटलं कौतुक चाललंय. त्या सगळ्यांत शब्दाचा अर्थ दोघांनाच माहीत होता, सरांना आणि मला. म्हणजे मी सरांच्या बाजूला होते. हे कळलं आणि बधिरपणा गेला. राग नंतर आला. आधी किळस आली, माझीच.

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीवर बसले. हिरवी रांग झाली. आय ॲम ब्रेव्ह. आय ॲम हॅपी. साहेब मान डोलवत होते. मग लाल रांग. पहिली मी. सरांनी डोळ्यांनी खुणावलं.

मी पिन काढली. पुठ्ठा टेबलावर ठेवला.

“मी म्हननार न्हाई.”

“का गं?” साहेबांनी विचारलं.

“पाटंपासनं मी सरांच्या बागंत घड बुडिवती. मी आळशी न्हाई.”

साहेबांनी सरांकडं पाहिलं. मग घड्याळाकडं. “पुढं घ्या,” म्हणाले. बस, एवढंच. माझा चुलतभाऊ पुढं आला आणि जमिनीकडं बघत हळूच म्हणाला, “आय ॲम अँग्री.”

संध्याकाळी निरोप आला. मायलेकींनी उद्यापासून बागेत यायचं नाही. आईला काही कळेना. मला वाटलं आता आई मारणार. मी सगळं सांगितलं, शब्दाच्या अर्थासकट.

ती खाली बसली.

“मंग त्या दिशी बागंत मी हात जोडलं,” ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, “त्येनं फशिवलं ते जाऊ दे. तू का सांगितलं न्हाईस?”



आता मी सांगलीत एका कचेरीत कारकून आहे. साहेब लोक इंग्रजीतून बोलतात. झाडणाऱ्या मावशींकडं बघत काही बोलतात, हसतात. मावशीही हसतात. मग मला विचारतात, “काय म्हनलं गं साहेब?” मी सांगते. जसंच्या तसं, साहेबासमोर, त्याला ऐकू जाईल असं. मावशींचा चेहरा उतरतो. उतरू दे. मी आता कुणालाही चांगला अर्थ सांगणार नाही.