नोकरीत नसलेला दिवस

नातीची नवी पुस्तकं उघडली की कोऱ्या कागदाचा वास येतो आणि मी पवनीच्या शिक्षण कार्यालयात जाऊन पोचतो. मी तिथे कायम लिपिक होतो आणि आमचा शिपाई रामाजी कंत्राटी. कंत्राटी माणसाची सेवा सलग दिसू नये म्हणून दर अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस नोकरीतून कमी करत. नेमका त्याच दिवशी पुस्तकांचा ट्रक आला. मीच रामाजीच्या घरी फोन केला, "येऊन जा ना बा, तासाभराचं काम हाय."

तो आला. गठ्ठे उतरवताना ट्रकवरून डोक्यावर पडला आणि दवाखान्यात पोचण्याआधीच गेला.

पंधरा दिवसांनी त्याची बायको शेवंता आली. नवरा कामावर असताना गेला, एवढा दाखला तिला हवा होता. मी हजेरीपट उघडून तिच्यासमोर धरला. "बाई, त्या दिवशी रामाजी नोकरीतच नव्हता."

"मंग इथं कायले आला होता? कोनं बोलावलं त्याले?"

शेजारच्या टेबलावरचे आमचे साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

ती माझ्याकडे वळली. "फोन मीच उचलला होता, भाऊ. तुमचाच आवाज होता ना?"

"नाही," मी म्हणालो आणि हजेरीपट मिटला.

ती गेल्यावर मला नोकरी वाचल्यासारखं वाटलं. पण माझी नोकरी कायम होती. खरं बोललो असतो तरी ती जाणार नव्हती.