कॅबिन कुणासाठी?

कुंडलच्या वरच्या अंगाला सयाजीरावांची द्राक्षबाग आहे आणि त्या बागेत औषध मारणारं माणूस म्हणजे त्यांची थोरली सून क्रांती. गावात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण एखादा पाहुणा आला आणि "बाग कोण बघतं?" म्हणून त्यानं विचारलं, की सयाजीराव मिशीवरून हात फिरवत म्हणतात, "आमीच की!" हे 'आमीच' म्हणजे नेमकं कोण, ते त्यांनी एकदा बागेत जाऊन विचारावं.

त्यांचा थोरला मुलगा जयराज, क्रांतीचा नवरा, फौजेत. सुट्टी मिळेल तेव्हा येतो. सयाजीराव स्वतः सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पण गुडघे गेले म्हणून बांधापलीकडं उतरत नाहीत. धाकटा वीरधवल सांगलीत विश्रामबागला ऑफिसात जातो. इस्त्रीचा शर्ट घालून जातो आणि इस्त्री न मोडता परत येतो. मग राहिलं कोण? क्रांतीनं माहेरी ट्रॅक्टर चालवलेला होता, एवढा एकच तिचा गुन्हा. एका हंगामात ड्रायव्हर ऐन वेळी पळून गेला. पाऊस थांबेना, पानांवर डावणी रोगाचे डाग दिसायला लागले, एक दिवस हुकला असता तर बाग हातची गेली असती. ती छोट्या ट्रॅक्टरवर बसली आणि मागचा औषध फवारायचा ब्लोअर सुरू केला. बाग वाचली. तेव्हापासून चार हंगाम ती त्या सीटवरून उतरली नाही, कारण तिला कुणी उतरूच दिलं नाही.

ज्यानं मांडवाखाली ब्लोअर मारला नाही त्याला सांगून कळायचं नाही. मागून पंखा औषधाचं धुकं उडवतो आणि वर वेलींचं छत, मग ते धुकं जाणार कुठं? चालवणाऱ्याच्या अंगावर. क्रांती जयराजचा जुना फौजी शर्ट घालायची, तोंडाला ओढणी आवळायची, तरी खाली उतरली की पापण्या चिकटलेल्या आणि जीभ कडूजहर. लेक रेश्मा "आई" म्हणत धावत यायची, तर तिला लांबूनच ओरडून थांबवावं लागायचं, "शिवू नगंस मला!" पोर बिचारी दाराला टेकून उभी राहायची. क्रांतीला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा यायचा.

गेल्या हंगामाच्या शेवटी खोकला धरला तो सुटेना. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "एक तर हे काम सोडा, नाहीतर बंद कॅबिनमध्ये बसून करा. आणखी काही हंगाम असेच काढलेत तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

क्रांती घरी आली, चपलाही न काढता सोप्यात उभी राहिली आणि म्हणाली, "कॅबिनचा छोटा ट्रॅक्टर दारात येईस्तवर मी ब्लोअरला हात लावायची न्हाई. बाग जळली तर जळूंदे."

सासूबाई शालूबाई धान्य निवडत होत्या, त्यांनी सूप बाजूला सारलं. सयाजीरावांना सुनेच्या छातीपेक्षा बागेचं भ्या जास्त, हे खरं सांगायला कुणाच्या बापाची चोरी आहे? पण त्यांनी होकार दिला. आणि मग त्या घरात तुलना सुरू झाली.

काय ती तुलना! रोज संध्याकाळी सोप्यात बैठक. वीरधवल मोबाईलवर ट्रॅक्टरचे व्हिडिओ लावायचा. सयाजीराव चष्मा नाकावर ओढून कंपन्यांची पत्रकं चाळायचे. त्यांचे चुलत भाऊ भाऊसो यायचे, त्यांच्या रानात नुसता ऊस, द्राक्षाची काडी नाही, पण सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. ह्याचा एचपी जास्त, त्याची लिफ्ट दणकट, ह्याला जुन्या बाजारात भाव हाय. एक पूर्ण संध्याकाळ रंगावर गेली. भाऊसोंचं म्हणणं, ट्रॅक्टर लालच पाहिजे, भावकीत लांबून उठून दिसतो. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय, असं मनात म्हणत क्रांती चहा घेऊन आली. तोंड बंद ठेवायचं ठरवूनच आली होती, पण राहवलं नाही.

"आवं आबा, काचा लावल्यावर आत हवा कुठनं येती आणि ती गाळून येती का, ते बगा की आधी. आणि कॅबिन मांडवाखालनं जाईल का?"

सयाजीरावांनी पत्रकातून डोकं वर काढलं नाही. "आख्खी नोकरी फौजंच्या गाड्या बगण्यात गेली माजी. तू च्या ठेव."

तिनं चहा ठेवला. दुसऱ्या खेपेच्या चहात साखर नव्हती, आणि ती काही विसरून राहिली नव्हती.

पहिली शक्कल वीरधवलनं काढली. कंपनीचं कॅबिन कशाला, साधा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आणि वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचं कॅबिन चढवायचं. मित्राचा तसला एक ट्रॅक्टर तो मागून घेऊन आला. काचा होत्या, दार होतं, आत गरगर फिरणारा पंखासुद्धा होता. सगळे कौतुकानं भोवती फिरले. क्रांती घरात गेली, चुलीतल्या दोन पेटत्या शेण्या घमेल्यात घेतल्या, वर लिंबाचा ओला पाला टाकला आणि ते घमेलं बाहेर घेऊन आली.

"भावजी, बसा आत. काचा लावा."

वीरधवल ऐटीत बसला. तिनं घमेलं कॅबिनखाली सरकवलं. ब्रेक आणि क्लचच्या भोकांतून धूर आत घुसला, पंख्यानं आणखी ओढून घेतला, आणि आत गेलेला धूर बाहेर यायचं नाव घेईना. वीरधवल दार ढकलून बाहेर पडला तो डोळे पुसत, खोकत, शिव्या देत.

"ह्यात मला बसवणार हुतासा?" क्रांती म्हणाली. "उघड्यावर निदान वाऱ्यानं तरी जातंय. हे कॅबिन न्हाई भावजी, धुरी द्यायची पेटी हाय."

"आता शेण्यांनी ट्रॅक्टर पारखायचा काय?" भाऊसो हसले. त्यांच्याबरोबर बाकीचे हसले. पण पत्र्याच्या कॅबिनचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दुसरा ट्रॅक्टर सयाजीरावांच्या पसंतीचा. कंपनीचं पक्कं कॅबिन, एसी, लाल रंग, एचपी दांडगा. शोरूमचा माणूस तो घेऊन बागेतच आला. उन्हाळ्यातली खरड छाटणी नुकती झालेली, मांडव उघडा बोडका. सयाजीरावांनी सकाळीच बांधावरून बांबू उभा करून कडेच्या तारेची उंची मापून ठेवली होती. त्यांनी बांबू ट्रॅक्टरला लावला, मग तारेला लावला. ट्रॅक्टर कडेच्या मांडवाखाली घातला, तरी वर वीतभर जागा उरत होती. "बसतोय!" असं ते अशा थाटात म्हणाले की जणू खिंडच जिंकली.

आता जरा विचार करा. उन्हाळ्यात रिकामा मांडव मापायचा आणि भर थंडीत, घडांनी लगडल्यावर, त्याच्याखाली जायचं! बागायतदार म्हणवणारा माणूस असली चूक करतो ती एकाच कारणानं. त्या तारा सयाजीरावांनी निवृत्त होऊन आल्यावर स्वतः उभं राहून ओढून घेतल्या होत्या. माझी तार झुकते, हे त्यांना उभ्या जन्मात मान्य झालं नसतं.

"आबा, आता वर काय वजन हाय?" क्रांती म्हणाली. "माल भरल्यावर मांडव खाली येतोय. घड माझ्या डोक्याला घासत्यात, मी बसते न्हवं त्या सीटवर."

"मी वडलेली तार हाय ती. हालत न्हाई."

"हालत न्हाई?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

क्रांतीनं पदर खोचला, ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन दोन्ही हातांनी तार धरली आणि पाय उचलून सरळ लोंबकळली. तार थोडी झुकली, पण कॅबिनच्या टपाला लागली नाही. शोरूमचा माणूस तोंडावर हात ठेवून हसला. सयाजीराव म्हणाले, "बघ! म्हनलं न्हवतं?" वीरधवल मोबाईल काढून फोटो घ्यायला लागला. क्रांतीचे तळहात तारेनं कापत होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रडण्याचं नव्हतं, संतापाचं होतं.

तेवढ्यात गोठ्याकडं निघालेल्या शालूबाई पुढं आल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापुढं वर मान न केलेली बाई. त्यांनी हातातली दुधाची कासंडी खाली ठेवली, सुनेच्या शेजारी तार धरली आणि त्याही लोंबकळल्या. शालूबाई अंगानं चांगल्या भरलेल्या. तार करकरत खाली आली आणि लाल टपाला खसकन घासली.

"आवं रंग, रंग!" शोरूमचा माणूस ओरडला.

"रंगाचं घेऊन बसलाय," शालूबाई तारेला लटकूनच म्हणाल्या. "धनी, ह्या मांडवाखाली वाकून वाकून माजं कंबरडं गेलं, तवा न्हाई व्हय बांबू घेऊन आलासा मापायला?"

सयाजीरावांनी बांबू उचलला आणि घराची वाट धरली. शालूबाई खाली उतरल्या, कासंडी उचलली आणि गोठ्याकडं गेल्या. 

तिसरा ट्रॅक्टर बुटका, रंगानं मळकट, एचपीला बेताचा. बैठकीतल्या कुणाच्याच मनात तो नव्हता. पण टप ठेंगणं होतं, दाराला जाड रबर होतं आणि हवा आत यायच्या तोंडाशी कोळशाची गाळणी बसवलेली होती. क्रांतीनं घमेलं खाली ठेवून स्वतः आत बसून बघितलं. डोळ्याला धुराचा कणसुद्धा लागला नाही. सासू-सुना दोघी तारेला लटकल्या, तरी टप निसटून पुढं गेलं. मग तोच घेतला. भाऊसो म्हणाले, "एवढा बुटका? भावकीत हसं हुईल गड्या." क्रांतीनं ट्रॅक्टरला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला, आणि त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा ती मनापासून हसली.

हसली ती फसली. ऑक्टोबर छाटणी झाली, फूट निघाली, औषधाला सुरुवात करायचा दिवस आला. क्रांती तयार होऊन बांधावर गेली, तर कॅबिनमध्ये वीरधवल. एसी चालू, गाणी चालू, इस्त्रीचा शर्ट.

"वैनी, आता तुमी आराम करा," तो काच खाली करून म्हणाला. "मी सुट्टी काढलीया. तुमी फकस्त औषध कालवून द्या टाकीत."

"बरंच झालं की," बांधावर खुर्ची टाकून बसलेले सयाजीराव म्हणाले. "डाक्टरनीनंच सांगितलंय न्हवं, हिला लांब ठेवा म्हणून?"

चार वर्षं सीट विषाची होती तेव्हा ती सुनेची. तिच्यावर गार वारा आला, गाणी आली, तर ती धाकट्याची. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच! आणि "फकस्त" कालवायचं? ब्लोअरमधून उडतं ते हजारपट पाण्यातलं. कालवताना समोर असतं ते निव्वळ विष. क्रांतीनं पुडा फोडला तर वाऱ्यानं भुकटी उडून सरळ नाकात गेली. काठीनं ढवळताना शिंतोडे मनगटावर आले. ती खोकत खोकत ओणवी झाली आणि समोरून ट्रॅक्टर गाणी वाजवत मांडवाखाली शिरला.

टाकी रिकामी झाली तेव्हा वीरधवल परत आला. उतरला आणि ट्रॅक्टरला पाठ देऊन मोबाईलवर स्वतःचा फोटो काढायला लागला. क्रांतीनं दुसरा पुडा त्याच्या पायाशी ठेवला, वर काठी ठेवली, पायरी चढली आणि सीटवर बसली.

"भावजी, ट्रॅक्टर मी चालवते. तुमी फकस्त कालवून द्या."

तिनं दार ओढून आतून कडी लावली. सयाजीराव खुर्चीतून उठले, हात हलवू लागले, तोंड उघडं-बंद करू लागले. वीरधवल काचेवर थापा मारत होता. रबर इतकं घट्ट होतं की एकाचाही शब्द आत पोचला नाही. ती शांतपणे आरशातून बघत बसली. अखेर वीरधवल खाली वाकला, पुडा फोडला आणि शिंकला. दिवसभर त्यानंच कालवलं, कारण दुसरं कोण होतं?

संध्याकाळी क्रांती उतरली तेव्हा जीभ कडू नव्हती. रेश्मा दारात उभी राहिली, सवयीनं थांबली. क्रांतीनं आधी हात-तोंड धुतलं, मग तिला उचलून कडेवर घेतलं आणि मघाचा सगळा राग थोडा वेळ विसरली.

थोडाच वेळ. वीरधवल सोप्यात आडवा पडला होता, डोळे लाल, मनगटावर पुरळ. सयाजीराव घरात नव्हते. ज्या गुडघ्यांनी त्यांना चार हंगाम बांध उतरू दिला नाही, त्याच गुडघ्यांनी मोटारसायकलला किक मारून ते पलूसला शेतीऔषधांच्या दुकानात गेले होते. दिवेलागणीला परत आले ते पिशवी घेऊन. पिशवीतून डोळ्यांचा बंद चष्मा निघाला, गाळणीचा मास्क निघाला, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे निघाले. त्यांनी वीरधवलला उठवून बसवलं आणि मास्कचा पट्टा स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यामागं बसवून बघितला.

"जपून रं बाबा," ते म्हणाले. "विष हाय ते."

क्रांती लेकीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. हेच सामान तिनं दोनदा मागितलं होतं. "ओढणी बांध की," असं उत्तर मिळालं होतं.

"आबा," ती म्हणाली, "पलूसचं दुकान आजच उघडलं व्हय?"

सयाजीरावांनी पट्टा आणखी थोडा आवळला. त्यांनी सुनेकडं बघितलं नाही.