काकासाहेबांचं न केलेलं उपोषण

सांगितलेलं काम शब्दाबरहुकूम करायची काकासाहेबांना खोडच होती. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात त्यांची सारी नोकरी उसाच्या वजनकाट्यावर गेली. काटा स्थिर होईपर्यंत हा माणूस पापणी हलवत नसे, मागे गाडीवानांनी कितीही बोंब मारो. निवृत्त होऊन ते वाटूरला, आपल्या गावी परतले. इतकी वर्षं गावातला साहेबराव बटईने, अर्ध्या वाट्यावर, करत असलेलं तीन एकर रान त्यांच्या ताब्यात आलं. रान रस्त्याला लागून, काळं, चांगलं. विहीर मात्र अशी, की संक्रांतीनंतर तिच्यात हाक मारली तर आपलीच हाक परत यायची.

त्याच उन्हाळ्यात परतूरला शेतीचं एक शिबिर झालं. झाडं, पिकं, पाणी, जनावरं सगळी एकमेकांच्या आधाराने जगतील असं शेत कसं आखायचं, याचं. शिकवणारा म्हणाला, "आधी एक वर्ष काहीच करू नका. नुसतं बघा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, वारा कुठला, सावली कुठली. आणि ऐका." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन सोयाबीन पेरलं. काकासाहेबांनी प्लास्टिकची खुर्ची विकत घेतली.

बायको, दुर्गाबाई, आधी हसल्या. शिवारात कपाशी गुडघ्याला लागली तेव्हा त्यांचं हसू आटलं.

"सगळ्या गावात आपलंच रान उघडं," त्या म्हणाल्या. "बाया मला विचारून राह्यल्या, घरात कोणी गेलं का म्हणून! पोळ्यापर्यंत बसा. मंग मी साहेबरावाला बटईला हो म्हणून टाकते."

"अगं, शेततळं कुठं खोदायचं ते तर कळू दे. भलत्या जागी खोदलं तर नुसता खड्डा व्हईल."

"पोळ्यापर्यंत," दुर्गाबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी जन्मभर दुसऱ्याच्या उसाचं वजन केलं. आता आपल्या मातीत आपण लावलेलं काहीतरी उभं राहिलेलं बघायचं, एवढी एकच हौस उरली होती. रान पुन्हा बटईने गेलं की संपलंच. म्हणून ते दिवस उजाडताच जाऊन बसू लागले. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, नजर बांधाच्या खाली. ऐकायचंही असल्यामुळे बोलणं बंद. कोणी हटकलं तर ओठावर बोट.

आता आपल्या जिल्ह्यात पांढरे कपडे घालून, रस्त्याच्या कडेला, न बोलता बसलेल्या माणसाचा एकच अर्थ होतो.

तो अर्थ सगळ्यात आधी भागवतला कळला. भागवत हा गावचा पुढारी. निवडणूक असो-नसो, याचं खादीचं जाकीट अंगावरच. त्याने गाडी थांबवली, काकासाहेबांना लांबूनच हात जोडले आणि दुपारपर्यंत मंडपवाल्या महेबूबला घेऊन आला. महेबूबने खालच्या कोपऱ्यात वासे रोवायला घेतले, पण ते काही धरेनात. "इथं बिलकुल जमून न्हाई राह्यलं," म्हणत त्याने मंडप वर बाभळीपाशी नेला, खालच्या बाजूला सतरंज्या तेवढ्या अंथरल्या. माणसं जमली. घोषणा सुरू झाल्या. "काकासाहेबांच्या मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत!" मागण्या कोणालाच ठाऊक नव्हत्या, त्यामुळे मतभेदही नव्हते. एकाला विजेची नवीन डीपी हवी होती, एकाला फाट्यावर गतिरोधक. सगळ्यात मोठा आवाज साहेबरावाचा होता. पोळा चार दिवसांवर आल्याने तो भलताच उत्साहात होता.

काकासाहेबांच्या पुढ्यात पाठीच पाठी झाल्या. शेवटी ते मौन सोडून ओरडले, "सरका रे! मला काही दिसून न्हाई राह्यलं!"

"अंधारी आली," भागवत हळहळला. "पोटात अन्न न्हाई ना."

अन्न पोटात बराबर जात होतं. दुर्गाबाई रोज दुपारी पदराआडून डबा आणत आणि काकासाहेब बाभळीमागे बसून पिठलं-भाकरी खात. तेवढा वेळ लोक आदराने दुसरीकडे बघत. अशक्त माणसाला आडोशाला जावं लागतं, हे सगळ्यांना समजत होतं. दुर्गाबाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवऱ्याचं उपोषण गाजतंय आणि आपण त्याला कांदा फोडून देतोय!

पोळ्याच्या आदल्या दिवशी परतूरहून एक अधिकारी बाई आल्या, मोसंबीचा रस घेऊन. काकासाहेबांनी नुकताच हात धुतला होता.

"तुमची नेमकी मागणी काय?" बाईंनी विचारलं.

सगळा मंडप कान टवकारून पुढे सरकला. काकासाहेबांना खरं तर सांगायचं होतं की उपोषण-बिपोषण काही नाही. पण पोळा उद्यावर आला होता.

"मला वर्षभर इथं बसून बघू द्यावं," ते म्हणाले. "माझ्याच रानात."

"मग बसा ना. हरकत कोणाची आहे?"

काकासाहेबांनी दुर्गाबाईंकडे पाहिलं. त्यांच्यामागोमाग सगळ्या मंडपाने दुर्गाबाईंकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी डबा पदरात आणखी आत ढकलला. त्यांना राग आला होता, लाज वाटत होती, आणि नवऱ्याचा चेहरा बघून कसंतरीही होत होतं.

"बसू द्या," त्या म्हणाल्या. "वर्षभर बसू द्या."

मागणी मान्य झाल्याचा एकच जल्लोष झाला. साहेबराव तेवढा आपल्या चपला शोधत होता. काकासाहेबांनी रस घेतला आणि दणदणीत ढेकर दिली. रिकाम्या पोटाला सोसला नाही, असं लोक म्हणाले.

रात्री पाऊस होऊन गेला. सकाळी अभिनंदनाला आलेल्यांना चहा पाजता पाजता काकासाहेबांना उशीर झाला. रानात पोचले तर खुर्ची रिकामी नव्हती. दुर्गाबाई बसल्या होत्या, बांधाच्या खाली नजर लावून. महेबूब मंडप सोडायला आला होता, तो हातातली दोरी तशीच धरून उभा राहिला.

"भाभी, आता तुम्ही? साखळी उपोषण का? मंग मंडप राहू देतो."

"राहू दे," दुर्गाबाई मान न वळवता म्हणाल्या. "पर त्या खालच्या कोपऱ्यातली सतरंजी जल्दी उचल. सगळं पाणी तिथंच येऊन थांबून राह्यलं, अन् मला काही दिसून न्हाई राह्यलं."

काकासाहेब आल्या पावली दुसरी खुर्ची आणायला गेले.