अडकलेलं बटण
परवा सिडकोतल्या मोबाइलच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला आणि हायवेच्या कंट्रोल रूममधलं आमचं वायरलेस दुरुस्तीचं टेबल आठवलं. एकदा हायवेच्या क्रेनवरचा एक कंत्राटी ड्रायव्हर घोटीहून एकटाच परत येत होता. त्याच्या वायरलेस सेटचं बोलायचं बटण दाबलेलंच अडकलं होतं, त्यामुळे तो गाडीत जे पुटपुटत होता ते सगळं कंट्रोल रूममध्ये ऐकू येत होतं. "साहेब, एक विनंती होती. पोरीचं शिक्षण हाय, मला परमनंट करा ना," हे तो निरनिराळ्या आवाजांत घोकत होता. कंट्रोल रूमच्या साहेबांनी आवाज वाढवायला लावला आणि आम्ही पोट धरून हसलो. तो दारात आला तसे साहेबच त्याच्या सुरात म्हणाले, "साहेब, एक विनंती होती." तो सरळ माझ्या टेबलापाशी आला. सेट माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "बटण बघा जरा." ते मी पाच मिनिटांत मोकळं केलं. बटण अडकलंय हे त्याला कळवायला एक फोन पुरला असता; त्याचा नंबर तेव्हाही माझ्या मोबाइलमध्ये होता, आजही आहे.