तबकडीवरचं कुंकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर नाही — समोर असता तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. मी बोलत नाही, हे मुलुंडच्या आमच्या सगळ्या चाळीला ठाऊक आहे. चौथी शिकलेली, लाजाळू, गरीब गाय. असू दे.

माझे धाकटे दीर, सुधाकर भावजी, घरात कॉम्प्युटर घेऊन आले, तेव्हा माझं शिवणाचं मशीन खिडकीजवळून उठून मोरीजवळ गेलं. मी काही बोलले का? ते यंत्र सुरू करायला एक काळी, चौकोनी, पातळ फ्लॉपी लागायची. ती आत सारल्याशिवाय यंत्र म्हणजे नुसता डबा. तिच्यावरची सिस्टीम जुनी झाली, की भावजी ती घेऊन अंधेरीला मित्राच्या ऑफिसात जायचे आणि जुनी पुसून तिच्यावरच नवी भरून आणायचे. “काळाबरोबर राहायला हवं, वहिनी, नाहीतर यंत्र असून उपयोग काय?” मला चौथीनंतर कुणी नवं काही भरलं नाही. घर अडलं का?

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी भावजी नवी सिस्टीम घेऊन आले. दसऱ्याला दुपारी एक कापडवाले शेठ येणार होते, यंत्रावर हिशोब कसे होतात ते बघायला. पटलं असतं तर काम घरी आलं असतं, आणि ते करणार होती शोभा — भावजींची बायको, माझी जाऊ. मॅट्रिक झालेली. नवऱ्याच्या मागे उभी राहून टाइप करायला शिकलेली. नवी सिस्टीम भरलेली फ्लॉपी लावून बघितली तीसुद्धा तिनेच. मला ‘ताई, ताई’ करायची.

दसऱ्याची हत्यारांची पूजा आमच्याकडे माझी. विळी, कोयता, कात्री, ह्यांचे पाने-पकड — सगळ्यांना हळदकुंकू मी लावते. घरात माझं म्हणून तेवढंच. भावजी म्हणाले, “वहिनी, त्या टेबलाकडे फिरकू नका हां. तो काय पाटा-वरवंटा आहे? वाट लावाल!” सगळे हसले. शोभाही हसली.

ती हसली नसती तर — नाही. तरीही मी तेच केलं असतं.

सगळे खाली स्कूटरला हार घालायला गेले. मी फ्लॉपी पाकिटातून काढली. तिच्या खाचेतून आतली गोल तबकडी दिसते. तिथेच ओलं बोट टेकलं, कुंकवाचं. चांगलं दाबून. का नको? हत्यारच ना ते? मग तो लाल डाग बघून मी घाबरले. ओल्या पदराने पुसला. फ्लॉपी होती तशी ठेवून दिली.

शेठ आले. यंत्र घरघरलं आणि अडलं. भावजींनी परत लावलं, परत अडलं. शेठ चहा पिऊन निघून गेले. मग भावजींनी फ्लॉपी उजेडात धरली.

“हिला बोट कुणाचं लागलंय?”

माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. “तुला किती वेळा सांगितलं गं, खाचेला हात लावायचा नाही!” भावजी शोभावर खेकसले.

त्यानंतर तिला यंत्रापुढच्या खुर्चीवर बसू दिलं नाही. दुसरी फ्लॉपी आली, दुसरे शेठ आले, टाइप करायला बाहेरची मुलगी आली. शोभा माझ्यासोबत स्वयंपाकघरात.

तुम्ही म्हणाल, बिचारी घाबरली. घाबरले होते — शेठचा चहा होईपर्यंत. पुढे मी गप्प राहिले, कारण भाकऱ्या थापायला शेजारी कुणी आलं, ते मला आवडलं. शिकलेले हात पिठात बघायला आवडलं. कुंकवाचं मला आजही काही वाटत नाही; दर दसऱ्याला त्या टेबलाला लावते, भावजींच्या नाकासमोर. पण माझ्या गप्प राहण्याला लाजाळूपणा म्हणू नका. तो मी पांघरला होता.

एकदा मेथी निवडताना शोभाने विचारलं, “ताई, खरंच माझंच बोट लागलं असेल का हो? मला तर आठवतच नाही.”

माझा आवाज कधी शेजारच्या खोलीत गेलेला नाही. त्या दिवशी गेला, भावजी बसले होते तिथपर्यंत.

“लागलं असेल गं,” मी म्हटलं. “तुझंच.”